ग्रीक देवांची गोष्ट सांगलीत घडवली तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की ग्रीक पुराणकथांवर बेतलेली, आजच्या शहरात घडणारी किशोरांसाठीची कादंबरी मराठीत लिहायची आहे, तर शहर न्यूयॉर्क ठेवू की आपलं? आणि ‘आपली पुराणं असताना हे कशाला’ म्हणणाऱ्यांना काय सांगू? पहिल्याचं उत्तर सरळ आहे: आपलं. दुसऱ्यावरून माझं आणि माझ्या मामांचं जुनं भांडण आहे, म्हणून लिहायला बसले.

आम्ही सांगलीचे, गावभागातले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. इशारा ४० ला, धोका ४५ ला, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ असतं. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा सिलिंडर माळ्यावर चढवला, कागदपत्रं पिशवीत घातली आणि विश्रामबागेत मामांकडे गेलो. दोन खोल्या आणि हॉल, माणसं सतरा, त्यात सहा पोरं. वीज नाही, फोन बंद, दूध नाही. मामींनी रोज दोन वेळा पिठलं-भात केला आणि एकदाही कपाळाला आठी आणली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी पोरं फार कावली होती, म्हणून मी स्कमँडर नदीची गोष्ट काढली. ट्रॉयच्या लढाईत मित्र मेल्यावर ग्रीकांचा योद्धा अकिलीस बेभान होतो आणि नदीत इतकी प्रेतं पाडतो की पाण्याला वाट उरत नाही. ग्रीक कथांत ही नदी म्हणजे पुरुष, देवच. तो आधी नीट सांगतो, की बाबा, मारायचं तर मैदानात मार, माझं पात्र का तुंबवतोस? अकिलीस ऐकत नाही. मग नदी उठते. तो काठावरचं झाड धरतो, ते मुळासकट उपटून हातात येतं. तो पळतो, पाणी मागे. तेवढ्यानं भागेना म्हणून स्कमँडर आपल्या भावाला, सिमोइस नदीला, हाक मारतो: तूही ये.

मामांची आठ वर्षांची नात म्हणाली, “हरिपूरला वारणा येऊन मिळती तशी?”

मी हो म्हणाले. तिचा दादा चौदाचा. त्यानं विचारलं, “मग आपल्या नदीचं पात्र कुणी तुंबवलं?” हॉलमधली मोठी माणसं तीन दिवस कोयना आणि अलमट्टी धरणांवरून वाद घालत होती. त्यातल्या कुणाकडे त्या पोराला द्यायला उत्तर नव्हतं.

तेवढ्यात मामा म्हणाले, “दारात कृष्णामाई आलीय आणि तू पोरांना परक्या देवांच्या गोष्टी सांगतेस? भगीरथ सांग की. कालियामर्दन सांग. आपल्यात तेहतीस कोटी आहेत, ते कमी पडले?” आम्ही त्यांच्या घरात, त्यांच्या ताटात जेवत होतो. मी गप्प बसले.

सकाळी त्या मुलानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर निळ्या पेनानं चित्र काढलं होतं. आयर्विन पूल, फुटांचे आकडे लिहिलेली पट्टी, ५७ वर पाण्यातून आलेला एक हात, आणि त्या पट्टीला धरून वर चढणारा अकिलीस, शाळेच्या हाफ पँटमध्ये. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ते चित्र आहे. रिक रायर्डन यांच्या पर्सी जॅक्सन मालिकेत (पहिलं पुस्तक २००५ चं) ग्रीक देवांचं घर ऑलिंपस न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या ६०० व्या मजल्यावर आहे. खरी इमारत १०२ मजल्यांची. तिथल्या पोराला ती येता-जाता दिसते, म्हणून वरचे खोटे मजलेही त्याला खरे वाटतात. आपल्या पोराला ती फक्त फोटोत दिसते. त्याचा देव त्याच्या पुलाखालीच असायला हवा.

आता मामा. ते हौशी रंगभूमीवर वाढलेले, दर ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाला, भावे नाट्यमंदिरात हजर. मामा, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून, आणि त्याआधी इथं कानडी भागवत मंडळींचे खेळ झाले होते. तो साचा बघून आपलं नाटक उभं राहिलं. कुणी तेव्हा ‘परक्यांचं कशाला’ म्हणून दार लावलं असतं तर तुम्ही ५ नोव्हेंबरला कुठं गेला असता? कालियामर्दन मलाही प्रिय आहे. पण पोरांना त्याचा शेवट पाठ आहे, आणि पाठ असलेल्या गोष्टीला पोरं प्रश्न विचारत नाहीत. शिवाय ग्रीकांचा देवराज झ्यूस आपल्याकडे कुणाचं कुलदैवत नाही. तो चुकला, खोटं बोलला, पोरांना वाऱ्यावर सोडून गेला, असं बिनधास्त लिहिता येतं.

एक मात्र करू नका. झ्यूस म्हणजे इंद्र, हेडीस म्हणजे यम अशा जोड्या लावू नका. त्यानं दोन्हीकडचे देव पातळ होतात.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: ग्रीसमध्ये या देवांना मानणारी थोडी माणसं आजही आहेत, तेव्हा बिनधास्त म्हणजे टवाळी नव्हे. दुसरं, पूर घेतलात तर तो गावाला मिळालेली शिक्षा म्हणून रंगवू नका. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्यांनी कुणाचं पात्र तुंबवलेलं नव्हतं.

प्रकाशकाचं दुसऱ्या खर्ड्यानंतर बघा. आधी गोष्ट. आमच्या छोटीनं त्या रात्री शेवटी विचारलं होतं, “मग तो भाऊ आला का?” ही गोष्ट सांगणारा ग्रीक कवी होमर ते सांगतच नाही. हाक जाते, आणि पुढं हेरा देवी आपल्या मुलाला, अग्निदेव हिफेस्टसला, आग घेऊन पाठवते. सिमोइसचं काय झालं, त्याला यायचं होतं की नव्हतं, यावर एक ओळ नाही. तुमची कादंबरी हरिपूरच्या संगमावर, वारणेच्या बाजूनं सुरू करा.