वाट नसलेला डोंगर

प्रश्न : मी चिपळूणची, वय ४८, शाळेत भूगोल शिकवते. गेली बारा वर्षं सह्याद्रीत फिरते आहे. मुलगी ग्लासगोला शिकते, येत्या मे-जूनमध्ये तिच्याकडे जाणार आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला ज्युरा नावाचं बेट आहे. तिथला बेन अन ऑर हा डोंगर दोघींनी चढावा असं तिच्या मनात आहे. उंची ७८५ मीटर, पण वर जायला वाट नाही म्हणते. वाट नाही म्हणजे नेमकं काय? आम्हाला झेपेल का? सुमारगडाच्या रानात आम्ही एकदा चुकलो होतो, तेव्हा धनगरवाड्यावरच्या एका आजोबांनी वाटेला लावलं. ती धास्ती अजून मनात आहे.

उत्तर : ताई, झेपेल. दोघींनाही झेपेल. मात्र दिवस निवडायची मोकळीक हवी. बेटावर तीन रात्री तरी काढा, म्हणजे त्यातला एखादा दिवस डोंगर उघडा मिळेल. ठरल्या दिवशी जायचंच असा हट्ट धरलात तर कदाचित ढगात चढावं लागेल, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथल्या ढगात शिरू नये असं माझं ठाम मत आहे.

मी जयगडच्या खाडीकाठचा. तेवीस वर्षं जहाजावर काढली, त्यातली बरीच सेकंड मेट म्हणून. म्हणजे नकाशे सांभाळायचे आणि मार्ग आखायचा. ज्युराला दोनदा गेलो आणि दुसऱ्या खेपेला तुमच्यासारखाच चुकलो. ते पुढे सांगतो.

आधी उंचीबद्दल. रायगड ८२० मीटर, म्हणजे हा डोंगर त्याहून थोडा बुटकाच. पण रायगडाला पायऱ्या आहेत, पाण्याची टाकी आहेत, ताक विकणाऱ्या मावश्या आहेत. ज्युरावर सबंध बेटाला एक अरुंद रस्ता, एक गाव, एक हॉटेल. माणसं दोनशेच्या आसपास आणि लाल हरणं पाच हजारांवर. रस्त्यावरच्या पुलापासून माथा सरळ रेषेत साडेपाच किलोमीटर असेल. पहिल्या तळ्यापर्यंत बुटांनी दबलेली ओल दिसते, पुढे तीही तुटक होत जाते. ज्या ठळक वाटा दिसतात त्या हरणांच्या. आपण सह्याद्रीत चुकलो की ढोरवाट धरतो, कारण ढोरवाट संध्याकाळी गोठ्याकडे जाते, निदान पाण्यावर तरी नेते. हरणाला घरी जायचं नसतं. त्याची वाट चांगल्या गवतापर्यंत जाते आणि तिथेच विरून जाते. तिच्या मागे लागलात की अर्ध्या तासाने भलत्याच उतारावर उभ्या असाल. आणि विचारायला धनगरवाडा नाही.

पायाखालचं सांगतो. खालचा सगळा भाग दलदलीचा. चिखलणी केलेल्या भाताच्या खाचरातून चालल्यासारखं, पण बांध नसलेल्या. काळा मऊ पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर, त्यावर शेवाळ, मध्ये गवताचे पुंजके. शेवाळ पोपटी, चकचकीत हिरवं दिसलं की तिथे पाय टाकू नका, खाली पाणी असतं. कापसासारखे पांढरे तुरे डोलताना दिसले तर तीही ओली जागा. तपकिरी, काटक्याकाटक्यांचं हेदरचं झुडूप जिथे दाट आहे तिथे बहुधा पाय टिकतो. दलदल संपली की घसारा लागतो, पण आपल्याकडचा मुरमाड घसारा डोळ्यांसमोर आणू नका. तिथला खडक क्वार्टझाइट, म्हणजे गारगोटीच्या जातीचा, करडा-पांढरा. दगड नारळाएवढे ते जात्याएवढे, आणि त्यातले निम्मे डुगडुगतात. ओले झाले की त्यावरची दगडफुलं साबणासारखी होतात. दोघींनी एकीखाली एक चालू नका, तिरकं अंतर ठेवा.

वेळेचा हिशेब आधी घरी बसून करा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक आडाखा दिला, तो आजही वापरतात : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर चढण्याच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. त्याप्रमाणे चालायचे सहा किलोमीटर आणि जवळजवळ ७८० मीटर चढ म्हणजे अडीच तास होतात. दलदल आणि दगड धरून तुम्ही चार समजा, उतरायला तीन. मेअखेरीस तिथे उजेड सतरा तास असतो, त्यामुळे अंधाराची भीती नाही. तरीही उलट फिरायची वेळ सकाळीच ठरवा आणि मुलीला तिच्या वहीत लिहायला लावा. दोन वाजता जिथे असाल तिथून परत. माथा समोर शंभर मीटरवर दिसत असला तरी.

आता माझी चूक. मेचा तिसरा आठवडा होता, एकटाच होतो. माथ्यावर पोचलो तेव्हा लख्ख ऊन. माथ्याच्या थोडं खाली दगडी भिंतींचे पडके अवशेष आहेत, जुन्या सर्व्हेवाल्यांच्या मुक्कामाचे. त्या भिंतीच्या आडोशाला डबा उघडला. पलीकडच्या आयला बेटावरची घरं मोजता येत होती. डबा बंद केला तेव्हा पंधरा पावलांपलीकडचं काही दिसेना. मला पूर्वेच्या खिंडीत उतरायचं होतं. उतार तर समोर दिसतोय, सकाळी याच बाजूने आलोय, म्हणून निघालो. होकायंत्र खिशातच राहिलं.

वीसेक मिनिटांनी लक्षात आलं की टोपीची नाडी डाव्या कानामागे फडफडते आहे. वारा सकाळपासून नैर्ऋत्येचा. पूर्वेला तोंड करून चालणाऱ्याला तो उजव्या कानामागे लागायला हवा. डोंगरात वारा फिरतो हे खरं, म्हणून होकायंत्र काढून बघितलं. मी थेट उत्तरेला चाललो होतो. त्या बाजूला रस्ता नाही. पोटात खड्डा पडला. जहाजावर इतकी वर्षं दर तासाला दिशा आणि अंतर टिपून ठेवणारा मी, जमिनीवर आल्याबरोबर डोळ्यांवर विसंबलो होतो.

तेव्हा जो मोह झाला तो तुम्हालाही होईल, म्हणून मुद्दाम लिहितो. डाव्या-उजव्या हिशेबाने आडवं कापून खिंडीत जावं असं वाटतं, कारण उतरलेलं पुन्हा चढायचं जिवावर येतं. तसं करू नका. मी कुठे आहे हे मला नक्की माहीत नव्हतं, आणि सुरुवातीचं ठिकाण माहीत नसेल तर कुठल्याही दिशेला अर्थ नाही. नक्की माहीत असलेली शेवटची जागा म्हणजे त्या पडक्या भिंती. तिथपर्यंत परत चढलो, चाळीस मिनिटं गेली. भिंतीला हात लागल्यावर नकाशा काढला, खिंडीची दिशा होकायंत्रावर लावली आणि दगडागणिक उतरलो : त्या दिशेच्या रेषेत धुक्याच्या कडेला दिसणारा एक दगड हेरायचा, त्याच्यापाशी जायचं, मग पुढचा. तुम्ही दोघी आहात, तुमचं काम सोपं आहे. मुलीला पुढे पाठवा, दिसेनाशी व्हायच्या आत थांबवा, होकायंत्रावर बघून तिला डावीकडे-उजवीकडे सरकवून रेषेत आणा आणि मग तुम्ही तिच्यापाशी जा. हळू होतं, पण भरकटत नाही.

आणखी एक गोष्ट चढतानाच करायची. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबून मागे वळून बघा. आमच्याकडचे जुने तांडेल देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरातली खिंड एका रेषेत आणून खाडीचं तोंड ओळखत. ती खूण ते बंदर सोडतानाच डोळ्यांत साठवत. डोंगरही उतरताना वेगळा दिसतो, त्याची ओळख चढतानाच करून घ्यावी लागते. मोबाईलवर मागच्या बाजूचे फोटो काढलेत तरी चालेल, पण काय दिसतंय ते एकमेकींना मोठ्याने सांगा. बोललेलं लक्षात राहतं.

थंडीबद्दल कोकणातल्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं. आपण पावसात भिजायला घाबरत नाही, कारण आपला पाऊस कोमट असतो. तिथे मेमध्येही माथ्यावर पाच-सात अंश असू शकतात, त्यात वारा, त्यात भिजलेले कपडे. सुती कपडा अंगावर नको, जीन्स तर नकोच. घोंगडी ओली झाली तरी ऊब देते हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं, तीच लोकरीची गोष्ट. आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक, वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट, टोपी, हातमोजे, आणि एक कोरडा स्वेटर प्लॅस्टिकमध्ये बांधून. दोघींपैकी कुणी कुडकुडायला लागली, बोबडं बोलायला लागली, साधी चेन लावता येईना, की माथ्याचा विचार सोडून खाली वळा.

बाकी थोडक्यात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर उत्तम. पुढे चिलटं सुरू होतात, मिज म्हणतात त्यांना, आणि वारा पडला की उभं राहू देत नाहीत. गोचिडी असतात, त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेला बघा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. परवानगीची चिंता नको : २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही डोंगरावर फिरायचा हक्क आहे. फक्त ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचा काळ, तेव्हा विचारून जावं लागतं. मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. शिट्टी गळ्यात ठेवा. मिनिटाला सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबणं ही तिथली मदतीची खूण, तीन शिट्ट्या आल्या तर ते उत्तर. रेंज असेल तर ९९९ लावून आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. ते स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. मुक्कामाच्या ठिकाणी चिठ्ठी ठेवून निघा : कुठून चढणार, कधी परतणार.

गाइड घ्यावा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. होकायंत्रावर दिशा लावून चालायचा सराव दोघींपैकी एकीलाही नसेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. सराव असेल आणि दिवस उघडा असेल तर तुमच्या दोघींच्या जोडीला तिसरं कुणी लागू नये असं मला मनापासून वाटतं. आईने आणि मुलीने आपली वाट आपण काढत त्या माथ्यावर बसावं. बेन अन ऑर म्हणजे सोन्याचा डोंगर. उघड्या हवेत तिथून दिसणारा समुद्र माझ्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाही.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातला, वय २२. मोबाईलमध्ये जीपीएस असताना कागदी नकाशा कशाला लागतो? आणि त्याचा सराव करायचा तर कोकणात कुठे?

उत्तर : जीपीएस जरूर ठेवा, मीही ठेवतो. पण थंडीत बॅटरी भराभर उतरते, ओल्या बोटांनी पडदा चालत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर सगळा डोंगर एकदम दिसत नाही. कागद पसरला की पुढची दरी आणि मागचा ओढा एका नजरेत येतात. ज्युरासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा ६१ नंबरचा नकाशा मिळतो, एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर.

सरावाची जागा तुमच्या दारात आहे. जुलैतला सडा. जांभ्याचा सपाट कातळ, झाड नाही, धुकं उतरलं की चारही दिशा सारख्या. आधी रस्त्यावर शंभर मीटर मोजून आपली किती पावलं होतात ते बघा. मग सड्यावर एका दगडावर पिशवी ठेवा, दिशा लावून तीनशे मीटर जा, काटकोनात वळा, पुन्हा तीनशे, आणि चौथ्या बाजूने पिशवीपाशी परत या. पहिल्या दिवशी पिशवी सापडत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी सापडू लागते.

तुमच्याच तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते, ते एकदा हातात धरून बघा. खडकातला चुंबकीय गुण सुईला ओढतो. स्कॉटलंडमधल्या मल बेटावरचा बेन मोर डोंगर आणि स्काय बेटाची कुलिन डोंगररांग इथेही हेच होतं. मलचा बेन मोर तर आपल्या सह्याद्रीसारखाच, लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. अशा ठिकाणी दोन-चार ठिकाणी सरकून पुन्हा वाचन घ्यायचं, सुई कंबरेच्या उंचीवर धरायची, खडकावर टेकवायची नाही.

एकच ताकीद. सड्यावर चिरेखाणी असतात, कडा उभ्या तासलेल्या, पावसात तोंडापर्यंत भरलेल्या, आणि धुक्यात पाणी आणि कातळ एकाच रंगाचे दिसतात. सराव सुरू करण्याआधी उघडीप बघून सगळा सडा फिरा, प्रत्येक खाण नकाशावर पेन्सिलने टिपा, आणि एकटे जाऊ नका.