वन्य प्राण्यांसाठी लस : तयार करण्यापासून तोंडात पोहोचेपर्यंत

प्रश्न : रेबीज, डिस्टेंपर यांसारख्या रोगांवर कुत्र्यांसाठी लशी आहेतच, मग त्याच वन्य प्राण्यांना का देत नाहीत? आणि ज्यांना पकडणेच अवघड, त्यांच्यापर्यंत लस पोहोचवतात कशी?

उत्तर : एका प्रजातीला मानवलेली लस तिच्या जवळच्या प्रजातीलाही मानवेल, असे गृहीत धरता येत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत काळ्या पायांच्या फेरेटची (मुंगसासारख्या दिसणाऱ्या लहान मांसाहारी प्राण्याची) प्रजाती वाचवण्यासाठी सहा प्राणी पकडून त्यांना डिस्टेंपरची लस दिली गेली. पाळीव फेरेटना निर्धोक ठरलेल्या त्या लशीत क्षीण केलेला, पण जिवंत विषाणू होता आणि त्यानेच चार प्राण्यांना डिस्टेंपर होऊन ते दगावले. मोजकेच प्राणी उरलेल्या प्रजातीचे असे नुकसान भरून निघणे फार कठीण असते. म्हणूनच पुढे डिस्टेंपरच्या विषाणूचे फक्त काही जनुक कॅनरीपॉक्स या पक्ष्यांच्या विषाणूत बसवून केलेली लस अशा प्राण्यांसाठी अधिक सुरक्षित मानली गेली. हा विषाणू सस्तन प्राण्यांच्या शरीरात वाढत नाही.

लस पोहोचवण्याचा मार्ग स्वित्झर्लंडने १९७८मध्ये दाखवला. कोंबडीच्या मुंडक्यांत रेबीजच्या लशीची पुडी ठेवून ती कोल्ह्यांच्या वावराच्या जागी टाकण्यात आली. पुढे कारखान्यात बनवलेली आमिषे विमानांतून टाकली जाऊ लागली आणि पश्चिम युरोपातून कोल्ह्यांमधला रेबीज जवळजवळ हद्दपार झाला. यात खरी मेख अशी की, प्राण्याने चावताना पुडी फुटून लस तोंडाच्या आतल्या अस्तराला लागली पाहिजे. पुडी अखंड गिळली, तर लस वाया जाते. आमिष खाल्ले की नाही हे कळावे म्हणून अनेकदा त्यात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिसळतात, कारण त्याची खूण दातांत आणि हाडांत राहते. शिवाय ते आमिष भलत्याच प्राण्याने खाल्ले तरी त्याला अपाय होणार नाही, हेही आधी तपासावे लागते.

सगळ्यांनाच लस टोचता येणार नसेल तर उपयोग काय, ही शंका स्वाभाविक आहे. इथिओपियाच्या लांडग्यांची संख्या सुमारे पाचशे किंवा त्याहूनही कमी आहे आणि गुराख्यांच्या कुत्र्यांकडून येणाऱ्या रेबीजने त्यांचे कळपच्या कळप मारले आहेत. तिथल्या अभ्यासातून असे दिसले की, साथ पूर्ण थांबवण्याइतके लसीकरण झाले नाही, तरी योग्य जागचे थोडे कळप सुरक्षित केल्यास प्रजाती नामशेष होण्याचा धोका बराच घटतो. कुत्र्यांचे लसीकरण तिथे आवश्यक आहेच, पण तेवढ्यावर विसंबून लांडग्यांना वाऱ्यावर सोडणे मला मुळीच मान्य नाही.