सेंट पॅट्रिक्स डेच्या पार्टीसाठी जुन्या पद्धतीचं क्विल्ट कोणतं शिवावं?

तुम्ही विचारलंय की १७ मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाला, घरी आठदहा जण येणारेत, जुन्या क्विल्टचं (कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखं शिवलेलं पांघरूण) एखादं आयरिश पॅटर्न शिवायचंय आणि टेबलावर काय ठेवावं. मी बॉस्टनजवळ राहते, आजीच्या गोधड्यांवरून क्विल्टिंगकडे वळले, त्यामुळे सरळ सांगते, डबल आयरिश चेन शिवा, म्हणजे चौकोनांच्या तिरक्या साखळ्यांची नक्षी. नाव आयरिश असलं तरी अमेरिकेत हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शिवतात, आयर्लंडच्या उत्तर भागातही शिवायचे. दिसायला अवघड वाटतं पण सगळे चौकोनच आहेत, एकही तिरकी शिवण नाही.

एवढ्या दिवसांत अख्खं क्विल्ट होणार नाही, टेबल रनर करा, म्हणजे टेबलाच्या मधोमध घालायची लांब पट्टी. ५ ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले मोठे चौकोन, ओळीने जोडले की ५० इंच बाय १० इंच होतो. पहिला, तिसरा, पाचवा ब्लॉक २५ चौकोनांचा. ग म्हणजे गडद हिरवा, फ फिकट हिरवा, प पांढरा धरा. पहिली ओळ गफपफग, दुसरी फगफगफ, तिसरी पफगफप, चौथी दुसरीसारखी, पाचवी पहिलीसारखी. मधले दोन ब्लॉक पांढरे, फक्त चार कोपऱ्यांत फिकट हिरवे चौकोन, आणि त्यांच्यामुळेच साखळी तुटत नाही, ते विसरू नका. चौकोन एकेक कापत बसू नका हो, अडीच इंची लांब पट्ट्या आधी ओळीच्या क्रमाने जोडा, मग त्या जोडलेल्या पट्टीचे आडवे अडीच इंचाचे तुकडे पाडा. माया पाव इंच, आणि ती शेवटपर्यंत तेवढीच ठेवा, नाहीतर कोपरे जुळतच नाहीत. हिरवं कापड आधी धुऊन घ्या, माझ्या पहिल्या रनरचा हिरवा रंग पांढऱ्यात उतरला आणि तो परत निघाला नाही. पांढऱ्या ब्लॉकवर हाताने धावदोरा घाला, आपल्या गोधडीचाच टाका आहे, मला तोच भाग सगळ्यात आवडतो.

सजावटीला शॅमरॉकची, म्हणजे आयर्लंडचं चिन्ह असलेली तीन दलांची, पानं कापायची तर तीनच पाकळ्यांची कापा, बेलासारखी. चार पाकळ्यांचं ते लकी क्लोव्हर, ते वेगळं, आयरिश पाहुण्यांच्या लगेच लक्षात येतं. आणि बॅनरवर पॅटीज लिहू नका, पॅडीज लिहा, ते पॅड्रिगवरून, म्हणजे पॅट्रिकच्या आयरिश नावावरून आलंय.

खायला सोडा ब्रेड नक्की करा, यीस्ट नको, फुगवायचं नको. ४ कप मैदा, १ चमचा खायचा सोडा, १ चमचा मीठ, पावणेदोन कपाच्या आसपास आंबट दाट ताक, लागेल तसं घाला. जास्त मळू नका, गोल करून वर सुरीने खोल फुली मारा, ४२५ फॅरनहाइटला ३५-४० मिनिटं. गरम असताना लोणी. कॉर्न्ड बीफ आणि कोबी हे इकडच्या आयरिश लोकांचं, तिकडे बेकन आणि कोबी जास्त, शाकाहारी लोक असतील तर कोलकॅनन करा, बटाट्याच्या लगद्यात कोबी किंवा केल ही पालेभाजी, भरपूर लोणी, कांद्याची पात. हिरवा फूड कलर मात्र कशातच घालू नका, शिकागोवाले १९६२ पासून नदी हिरवी करतात ती बघायला छान वाटते, पण ब्रेड हिरवा झाला की कुणी हात लावत नाही.

रनरचे अस्तर आणि कडा राहिल्या तर पार्टीच्या आदल्या रात्री कडा मशीनने मारा, हाताचे टाके नंतर घालता येतात.