एकट्याने केलेला स्का अल्बम आणि ट्रम्पेटचा प्रश्न

प्रश्न: दादा नमस्कार, मी भांडुपला राहतो, नोकरी करून रात्री घरीच गाणी रेकॉर्ड करतो. दोन वर्षं घालून आठ गाण्यांचा मराठी स्का (जमैकाचं नाचरं संगीत) अल्बम केलाय. गिटार, बेस, कीबोर्ड, गाणं सगळं मीच, ड्रम्स लॅपटॉपवर. लेबल (रेकॉर्ड कंपनी) वगैरे नाही, स्वतःच रिलीज करणार. अडकलंय ते ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवर. सॉफ्टवेअरमधले वापरलेत पण ऐकताना मेल्यासारखं वाटतं. मित्र म्हणतात स्का इथे कोणाला कळतंय, देऊन टाक रिलीज. खऱ्या वादकाला बोलवू का? आणि अल्बम टाकू कुठे?

उत्तर: मित्रा, थांब अजून, रिलीज नको करूस. ट्रम्पेट खरा घे. तीन वादक परवडत नसतील तर एकच घे, त्याच्याकडूनच दोन-तीन थर वाजवून घे, पण माणूस घे.

मेल्यासारखं का वाटतं सांगतो. सॉफ्टवेअरला श्वास लागत नाही. त्यामुळे आपण कीबोर्डवर बसून लांबच लांब ओळी लिहीत जातो आणि आपल्या लक्षातही येत नाही की हे कुठल्याच छातीतून निघणार नाही. तुझी प्रत्येक हॉर्नची, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची, ओळ आधी तोंडाने म्हणून बघ, एका दमात. जिथे दम संपेल तिथे कापायची. स्कामध्ये गिटार मात्रेच्या मधल्या जागेत, एक-अँड-दोन-अँड मधल्या त्या 'अँड'वर, वाजत राहते आणि तिथून हलत नाही, म्हणून वरची चाल सांगणारा कोणीतरी लागतो, आणि तो श्वास घेणारा असला की गाणं उभं राहतं.

आणि हे वादक कोण होते बघ ना. १९६४ मध्ये जमैकात किंग्स्टनला स्कॅटलाइट्स हा स्का बँड जमला, त्यातले टॉमी मकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे चौघं एकाच शाळेतले, आल्फा बॉइज स्कूल. नन्स चालवायच्या ती शाळा, गरीब घरातली पोरं, आणि शाळेचा बँड. तिथून पुढे पोटासाठी जॅझ बँड, जिथे काम मिळेल तिथे. मुंबईच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटायलाच नको. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून नोटेशन शिकून किती वादक इथे आले, हॉटेलांत वाजवलं, मग सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. चिक चॉकलेट ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही वाजवायचे. मला तर वाटतं मराठी स्का व्हायला मुंबईइतकी जवळची जागा नाही, आणि म्हणूनच तुझं पत्र वाचून इतका आनंद झाला.

आता वादक कुठे मिळणार, तर लग्नाच्या ब्रास बँडमध्ये. खरंच. लग्नसराईत आणि गणपतीत त्यांच्या सुपाऱ्या असतात, तेव्हा जाऊ नकोस. आषाढात जा, लग्नं नसतात, हात रिकामे असतात. काहीजण नोटेशन वाचतात, काहीजण कानावर वाजवतात, कानावर वाजवणाऱ्यांसाठी ओळ गाऊन मोबाइलवर आधीच पाठवून ठेव म्हणजे स्टुडिओचा तास वाया जात नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताच तपास, पट्टी. गाणी गिटारवर सुचली असतील तर बरीचशी पांढरी तीन (ई) नाहीतर पांढरी सहामध्ये (ए) असणार. ट्रम्पेट बी-फ्लॅटचं वाद्य आहे, वादक सी वाजवतो तेव्हा आपल्याला काळी पाच (बी-फ्लॅट) ऐकू येते. म्हणजे तुझ्या पांढरी तीनसाठी त्याला एफ-शार्प मेजर वाजवायला लागणार, सहा शार्प, आणि मग चांगला माणूससुद्धा चाचपडतो आणि तुला वाटतं यालाच येत नाही. गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, पांढरी चार (एफ) आणि काळी पाच मिळेल, त्याच्यासाठी जी आणि सी मेजर. गिटार-बेस परत वाजवायला लागेल, गावंही लागेल. दोन वर्षं दिलीस, अजून एक महिना दे.

टाकायचं कुठे, तर माझं मत आधी बँडकॅम्प, कलाकार स्वतःचं संगीत थेट विकतात ती वेबसाइट. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, कॅसेट-टीशर्टवर १०, किंमत तू ठरवतोस. बाकी स्ट्रीमिंगवर पण ठेव, लोक तिथेच असतात, पण पैशाची आशा धरू नकोस. स्पॉटिफायवर २०२४ पासून बारा महिन्यांत १००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. अमेरिकेत जेफ रोझेनस्टॉकने २००४ मध्ये बॉम्ब द म्युझिक इंडस्ट्री! हा बँड एकट्याने कॉम्प्युटरवर सुरू केला, स्का-पंक, गाणी फुकट डाउनलोडला, पुढे २००६ मध्ये देणगीवर चालणारं लेबलच काढलं. ऐकणारे सापडले त्याला. आपल्याकडे दिल्लीचा स्का वेंजर्स हा बँड २००९ पासूनचा आहे. कोणाला कळतंय म्हणणाऱ्या मित्रांना नाव सांगूच नकोस, नुसतं गाणं लाव आणि पाय बघ.

प्रश्न: मी लालबागचा, ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. एका मुलाने त्याच्या अल्बमवर वाजवायला बोलावलंय, एकदाच पैसे देणार म्हणतो. पुढे गाणं चाललं तर माझा काही हक्क?

उत्तर: आहे. कॉपीराइट कायद्यात वाजवणाऱ्याचाही स्वतंत्र हक्क आहे, वाजवलं त्याच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा आणि वादक म्हणून नाव लागण्याचाही हक्क दिलाय. पण हे मनात ठेवून उपयोग नाही, वाजवायच्या आधी व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून घ्या, आजचे किती, पुढे आले तर वाटा किती, आणि कुठली गाणी. नाव कसं छापायचं तेही तुम्हीच टाइप करून पाठवा, बँडचं नाही, तुमचं.