मिठाची वाट, लाकडाची वाट

प्रश्न : आमचे पणजोबा बैलांच्या पाठीवर गूळ-मिरची लादून घाट उतरत आणि चिपळूणहून मीठ घेऊन येत, असं घरात ऐकलंय. कोयनेच्या रानातलं लाकूडही याच वाटांनी जायचं का? त्या वाटेनं आज चालता येईल का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : चालता येईल, पण तुकड्या-तुकड्यानं. १९६४ साली कोयना धरण झालं आणि खोऱ्यातल्या कितीतरी गावांबरोबर त्यांच्या वाटाही शिवसागराच्या पाण्याखाली गेल्या. उरलेलं रान १९८५ पासून अभयारण्य आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. त्यामुळे मनाला येईल तिथून शिरायचं नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नात मला जास्त रस आहे, कारण माझी सगळी नोकरी पाटणकडच्या रानात गेली. मिठाची आणि लाकडाची वाट बऱ्याचदा वेगळी असते, आणि ती पायाला कळते. पाठाळ बैल गोणीसकट उभा चढ चढत नाही. म्हणून त्याची वाट वळणं घेत, दम न लागता वर येते. मध्ये पाणी असतं, खिंडीच्या तोंडाशी शेंदूर लावलेला देव असतो. लाकडाचं उलटं. ओंडका पाठीवर बसत नाही, तो ओढावा लागतो, म्हणून ती वाट सोंडेवरून सरळ खाली येते. पावसाचं पाणी तिथूनच धावतं आणि तिची घळ होते.

अशा घळीच्या आजूबाजूला झाडांचे बुंधे बघा. एकाच बुंध्यातून तीन-चार खोडं फुटलेलं अंजनी किंवा जांभूळ दिसलं, की तिथं कधीतरी कुऱ्हाड चालली असं मी धरतो. उतारावर मध्येच खळ्यासारखी सपाट जागा आणि काळी भुसभुशीत माती लागली, तर ती कोळशाची भट्टी. नुसतं बघा, उकरू नका. कापलेलं रान पुन्हा असं उभं राहतं, हे बघून मला आजही भरून येतं.

तुम्ही वासोटा किल्ल्यापासून सुरुवात करा. शिवसागराच्या काठच्या बामणोली गावात वनखात्याची परवानगी घ्यायची, लाँचनं पलीकडं जायचं आणि दाट रानातून चढायचं. मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत परतावं लागतं. पावसाळ्यात तर प्रवेशच बंद. वासोट्याच्या पुढं नागेश्वराची गुहा आहे. महाशिवरात्रीला कोकणातली माणसं खेड तालुक्यातल्या चोरवण्यातून ती चढण चढून येतात. घाटवाट चालती कशी असते ते बघायचं असेल, तर एखाद्या वर्षी तुम्हीही त्यांच्यासोबत खालून चढा. वासोट्याहून नागेश्वरमार्गे कोकणात उतरायचा बेत असेल, तर आधी बामणोलीच्या कार्यालयात विचारा आणि वाटाड्या स्थानिकच घ्या.

निघण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना एक विचारा : पणजोबा मुक्काम कुठं करायचे? त्या गावाचं नाव मिळालं, की कुठला घाट ते मी सांगेन.