सततच्या काळजीवर समुपदेशनाचा खरंच उपयोग होतो का?

सहा महिने झोप उडालीय, छातीत धडधडतं, रिपोर्ट मात्र नॉर्मल, असं तुम्ही लिहिलंय. हो, उपयोग होतो. पण दोन भेटींत निकाल लावू नका; सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) यात साधारण १२ ते १५ सत्रं लागतात. तिथे नुसता धीर देत नाहीत. 'आता काहीतरी वाईट होणार' हा विचार कधी येतो, त्या भीतीपोटी तुम्ही काय टाळता, हे वहीत लिहायला सांगतात आणि टाळलेली गोष्ट थोडी थोडी करायला लावतात. अवघड तेच आहे, गुणही त्यानेच येतो. रोजची कामंच होत नसतील तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, औषध लागलं तर ते लिहून देतात. जीव नकोसा वाटला तर आत्ताच १४४१६ लावा: टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, मोफत, चोवीस तास, मराठीतही.