७००आर४ची टीव्ही केबल: गिअर मऊ पडतायत म्हणून खूश होऊ नका

आधी गाडी उभी करा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की १९७१च्या शेव्हर्ले सी-१० पिकअपमधला टर्बो ३५० (तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) काढून ७००आर४ (चार गिअरचा ऑटोमॅटिक) बसवला, इंजिन ३५० क्युबिक इंचांचं, वर एडलब्रॉकचा ६०० सीएफएमचा कार्ब, म्हणजे कार्ब्युरेटर. गिअर लोण्यासारखे पडतात, ताशी २५ मैलांनाच चौथा लागतो, पण जोरात पेडल दाबलं की कधीकधी इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी उचलत नाही. आणि शेवटी, "किकडाउनची केबल नंतर सावकाश लावली तर चालेल ना?" आठ वर्षांपूर्वी मी अगदी हाच प्रश्न घेऊन फिरत होतो. नाही चालणार.

मुळात ती किकडाउनची केबल नाहीच. टर्बो ३५०ला इंजिनावरचा भार व्हॅक्यूम मॉड्युलेटरमधून, म्हणजे इंजिनातला व्हॅक्यूम जोखणाऱ्या भागातून, कळतो. तिथली केबल फक्त पेडल तळाला गेलं की खालचा गिअर टाकते, ती नसली तरी गाडी वर्षानुवर्षं चालते. ७००आर४ला मॉड्युलेटर नाही. थ्रॉटल (पेडल दाबलं की उघडणारी, इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडलाय हे त्याला टीव्ही केबलच सांगते (टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह), आणि त्यावरून क्लच दाबून धरणारं तेलाचं प्रेशर ठरतं. केबल सैल असली की इंजिन पूर्ण जोर लावतं, पण क्लच मात्र हलक्या हाताने धरलेले राहतात. मग ते घसरतात. तुम्हाला जो मऊपणा वाटतोय तो बहुतेक या घसरण्याचाच आहे.

माझी गाडी १९७०ची शेव्हर्ले शेव्हेल, तिच्यातही ७००आर४च, मी मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ राहतो. सुरुवातीला माझे गिअर उशिरा आणि दणका देऊन पडायचे. ज्या दुकानातून गिअरबॉक्स रीबिल्ड करून घेतला होता (नाव लिहीत नाही) तिथे फोन केला. काउंटरवरच्या माणसाने दहा सेकंदांत निकाल दिला, ती फक्त पासिंग गिअरची (ओव्हरटेक करताना खालचा गिअर टाकणारी) केबल आहे, दोन क्लिक सैल करा. मी केली. गिअर रेशमासारखे पडायला लागले. तीन आठवडे मी भेटेल त्याला ती गाडी चालवायला देत होतो.

मग आई-बाबा पुण्याहून आले. त्यांना मिशिगनच्या उत्तरेचा मॅकिनॉचा पूल दाखवायला शेव्हेलनेच निघालो. आय-७५ हायवेवर सॅगिनॉ शहराजवळ झिलवॉकीचा उंच पूल लागतो. त्याच्या चढावर इंजिनाचा आवाज एकदम वर गेला आणि गाडीचा वेग पडत गेला. तिसरा आणि चौथा, दोन्ही गेले होते. ७००आर४मध्ये या दोन्ही गिअरना एकच क्लचपॅक लागतो, त्यामुळे जातात तेव्हा जोडीनेच जातात. मागून ट्रक हॉर्न देत होते, बाबा काही न बोलता दाराची मूठ घट्ट धरून बसले होते. दुसऱ्या गिअरवर कशीबशी एक्झिटपर्यंत आणली. घरी गिअरबॉक्सखालचं तेलाचं पॅन उघडलं तर लाल तेल कॉफीच्या रंगाचं झालं होतं, चुंबकावर बोटभर काळा गाळ आणि करपलेल्या दुधासारखा वास. खर्च बावीसशे डॉलर. वॉरंटी मागायला गेलो तर त्याच दुकानाने कागद पुढे केला: टीव्ही केबल प्रेशर गेज लावून सेट केलेली नसल्यास वॉरंटी नाही. फोनवर मला सैल करायला सांगणारेही हेच! त्याचा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला कोणी काहीही सांगितलं तरी लेखी मागा.

माझ्या उशिरा पडणाऱ्या गिअरचं खरं कारण गव्हर्नरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सला गाडीचा वेग कळवणाऱ्या भागात होतं. त्याची वजनं आणि स्प्रिंगा माझ्या मागच्या अ‍ॅक्सलला जुळत नव्हत्या. माझं ठाम मत आहे की गिअर कधी पडावा हे गव्हर्नरने ठरवायचं, केबलला त्यासाठी हात लावायचा नाही.

आता तुमच्या कार्बकडे. लिव्हरवर जे भोक सोयीचं दिसतं त्यात केबल अडकवू नका. थ्रॉटल शाफ्टच्या मध्यापासून केबलच्या पिनपर्यंत साधारण १.१ इंच अंतर लागतं, नाहीतर केबल थ्रॉटलच्या प्रमाणात ओढली जात नाही. त्यासाठी वेगळी पट्टी आणि ब्रॅकेट मिळतं, ते घ्याच. मग केबलवरचं बटण दाबून स्लायडर कार्बपासून लांब, फायरवॉलकडे पूर्ण मागे ढकला आणि बटण सोडा. आता घरातल्या कुणाला तरी आत बसवून पेडल शेवटपर्यंत दाबायला सांगा. स्लायडर कटकट करत स्वतःच आपल्या जागी येईल. कार्बपाशी उभं राहून हाताने थ्रॉटल उघडू नका. माझ्या गाडीत जाड मॅटमुळे पेडलने थ्रॉटल पूर्ण उघडतच नव्हता, आणि हाताने उघडून पाहिल्यावर ते कळलंच नव्हतं.

एवढं झाल्यावरही गेज लावल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका. ड्रायव्हरच्या बाजूला सिलेक्टरच्या लिव्हरच्या वर प्लग आहे, तिथे ३०० पीएसआयचं गेज बसतं. पार्कमध्ये आयडलला माझं ६०च्या आसपास असतं, केबल हाताने पूर्ण ओढली की १५०च्या घरात. तुमचा पंप किंवा व्हॉल्व्ह बॉडी बदललेली असेल तर आकडे वेगळे येतील, पण केबल हलली की काटा लगेच हलला पाहिजे. मी मेकॅनिक नाही, एक गिअरबॉक्स जाळून शिकलेला माणूस आहे, तेव्हा आकडे रीबिल्डरकडून तपासून घ्या.

तुमचा शिफ्टर कॉलमवर असेल तर तेही बघा. जुन्या कॉलमवर सहा जागा आहेत, ७००आर४ला सात. रॉड जुळवताना कॉलमवरच्या सुईवर विश्वास ठेवू नका. गिअरबॉक्सवरची लिव्हर प्रत्येक खाचेत नीट बसते का ते खाली झोपून, हाताने तपासा, चाकांना ठोकळे लावून. दोन खाचांच्या मध्ये अडकली तरी प्रेशर गळतं आणि क्लच जळतात. पार्कची खाच तर दोनदा बघा, उतारावर गाडी निसटायला तेवढं पुरतं.

लॉकअपची (हायवेवर टॉर्क कन्व्हर्टर घट्ट जोडून धरणाऱ्या क्लचची) वायर जोडली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर हायवेवर तेल फार तापतं. रेडिएटरच्या पुढे एक वेगळा कूलर लावा, पैसे तिथे वाचवू नका.

पण हे सगळं नंतर. आज फक्त गिअरबॉक्सची डिपस्टिक काढा आणि पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. लाल असेल तर तुम्ही वेळेत विचारलंत. तपकिरी असेल आणि वास येत असेल तर केबलला हात लावण्याआधी पॅन उघडा, आणि आत काय निघालं ते मला कळवा.